क्राकूवमधल्या छोट्या हॉस्टेलात राहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापूरची. पोलंडमधल्या क्राकूव शहरात एका बावीस खाटांच्या हॉस्टेलात मी दोन खेपांत मिळून एकोणीस रात्री काढल्या. पहिली खेप मे महिन्यातली, दुसरी नोव्हेंबरातली. परत आल्यापासून मावशीपासून ऑफिसातल्या नव्या पोरांपर्यंत सगळे साधारण हेच प्रश्न विचारतात. प्रत्येकाला घाईत अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

हॉस्टेल म्हणजे आपलं कॉलेजचं वसतिगृहच ना?

नाही. हे प्रवाशांसाठी असतं आणि तुम्ही खोलीचं नाही, खाटेचं भाडं भरता. एका खोलीत चार, सहा, आठ दुमजली खाटा असतात. न्हाणीघर सामाईक, स्वयंपाकघर सामाईक आणि बसायला एक बैठकीची खोली. मूळ कल्पना जर्मनीतल्या रिचर्ड शिरमान नावाच्या शाळामास्तरांची. सहलीला नेलेल्या मुलांना रात्री टेकायला स्वस्त जागा हवी, म्हणून त्यांनी १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं यूथ हॉस्टेल सुरू केलं. आता वयाची अट बहुतेक ठिकाणी सैल झाली आहे, पण एकत्र राहण्याची ती मूळ गोष्ट चांगल्या हॉस्टेलात अजून टिकून आहे.

छोटंच का? मोठ्या हॉस्टेलात सोयी जास्त असतात.

असतात. लिफ्ट असते, चोवीस तास काउंटर असतो, खाली बार असतो. मी दुसऱ्या एका शहरात अशाच दोनशेच्या वर खाटांच्या ठिकाणी चार रात्री राहिले. चार दिवसांत माझं नाव कुणीही विचारलं नाही. खोलीतली माणसं रोज बदलत होती आणि जेवायच्या टेबलावर प्रत्येक जण आपापल्या मोबाइलमध्ये होता.

वीस-पंचवीस खाटांच्या घरात तसं होऊ शकत नाही. टेबल एकच, चहाची किटली एकच. सकाळी तुम्ही ब्रेड कापत असता तेव्हा शेजारी कुणीतरी अंडी फोडत असतं, आणि सुरी मागताना बोलणं सुरू होतं. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाटावर कोण बसणार हे आपण ठरवत नाही, पण जेवण संपेपर्यंत त्याचं गाव कळलेलं असतं, तसंच काहीसं. पैसे वाचवण्यासाठी हॉस्टेल निवडणं ठीकच आहे. पण माझ्या मते छोट्या हॉस्टेलात जायचं ते त्या टेबलासाठी.

चांगलं हॉस्टेल ओळखायचं कसं?

मी बुकिंगच्या साइटवर एकूण गुणांपेक्षा लोकांनी लिहिलेला मजकूर वाचते. त्यात हॉस्टेल चालवणाऱ्या माणसांचा उल्लेख वारंवार येत असेल, तर ते घर जिवंत आहे असं समजायचं. "लोकेशन उत्तम, वायफाय उत्तम" एवढंच असेल तर ते नुसतं झोपायचं ठिकाण. फोटोंमध्ये खाटांपेक्षा स्वयंपाकघर बघा: मोठं टेबल आहे का, भांडी वापरातली दिसतात का. आठवड्यातून एक-दोनदा एकत्र जेवण असतं का, ते थेट मेल करून विचारा. उत्तर कसं येतं त्यावरूनही बरंच कळतं.

एक सावधगिरी. ज्या ठिकाणाबद्दल "रोज पार्टी, रोज पब क्रॉल" असं लिहिलेलं असतं तिथेही माणसं भेटतात, पण बोलणं होत नाही. तुम्हाला काय हवं आहे ते आधी ठरवा.

शहराच्या कोणत्या भागात राहावं?

जुन्या शहराभोवती प्लांती नावाची बागेची गोल पट्टी आहे. पूर्वी तिथे तटबंदी होती. त्या वर्तुळाच्या आत राहिलात तर रिनेक ग्वुव्नी हा भव्य मध्ययुगीन चौक दाराशी येतो, पण रात्री गोंगाटही येतो. मला काझिमिएश हा जुना ज्यू मोहल्ला जास्त आवडला. चौकापर्यंत चालत पंधरा-वीस मिनिटं, आणि संध्याकाळी प्लात्स नोव्हीच्या गोल इमारतीच्या खिडक्यांपाशी उभं राहून झापिएकांका खाता येते. झापिएकांका म्हणजे लांब पावाचा अर्धा भाग, त्यावर मश्रूम आणि चीज घालून भाजलेला. एकीत दोघींचं पोट भरतं.

कुठेही राहिलात तरी एकदा दर तासाच्या ठोक्याला चौकात उभे राहा. सेंट मेरी चर्चच्या उंच मनोऱ्यातून तुतारी वाजते, चार दिशांना चारदा, आणि दर वेळी सूर मध्येच तुटतो. तातारांचा हल्ला आला तेव्हा इशारा देणाऱ्या तुतारीवाल्याच्या गळ्यात बाण घुसला, अशी दंतकथा आहे. तुतारी वाजवणारे अग्निशमन दलाचे जवान असतात आणि रात्रीही वाजवतात. हे मला आमच्या हॉस्टेलात नाश्त्याला सांगितलं गेलं. नाहीतर मी सूर अर्धवट का राहतो याचा विचारच केला नसता.

शेंगेन व्हिसासाठी हॉस्टेलचं बुकिंग चालतं का?

चालतं. शेंगेन म्हणजे पोलंडसह युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. राहण्याचा पुरावा हवा असतो, तो हॉटेलचाच हवा असं नाही. मात्र सगळ्या रात्रींचा हिशोब लागला पाहिजे आणि बुकिंगवर तुमचं नाव पासपोर्टप्रमाणे हवं. किमान ३०,००० युरोंचा प्रवास-विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात जायचं असेल तर लवकर करा, मुंबई-पुण्यात अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो. जिथे सर्वाधिक रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा.

पहिल्या दिवशी पोचताना काय अडतं?

जिने अडतात. छोटी हॉस्टेलं बहुधा जुन्या दगड-विटांच्या इमारतींत एखाद्या मजल्यावर असतात. अशा इमारतीला तिथे कामिएनित्सा म्हणतात. रस्त्यावर पाटी हाताएवढी, दार बंद, बाजूला बटणांचं यंत्र. दाराचा कोड मेलमध्ये आलेला असतो. तो कागदावर लिहून ठेवा, कारण नेमका तेव्हाच फोन बंद पडतो. माझं हॉस्टेल तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट नव्हती. मे महिन्यात मी तेवीस किलोची बॅग ओढत वर नेली, नोव्हेंबरात पाठीवरची सॅक नेली.

क्राकूवच्या बालित्से विमानतळावरून मुख्य स्टेशनापर्यंत लोकल गाडी आहे, वीस मिनिटांच्या आसपास लागतात. ट्राममध्ये चढल्यावर कागदी तिकीट लगेच यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर तिकीट खिशात असूनही दंड होतो. छोट्या हॉस्टेलात रात्रभर कुणी जागं नसतं, म्हणून उशिरा पोचणार असाल तर आधी कळवा. आमच्याकडे रात्री येणाऱ्यासाठी खाटेवर नावाची चिठ्ठी आणि किल्ली ठेवलेली असायची.

अनोळखी लोकांबरोबर झोप लागते का?

पहिल्या रात्री नीट लागत नाही. कुणीतरी घोरतं, कुणीतरी पहाटे चारच्या विमानासाठी उठतं. कानात घालायचे बोळे आणि डोळ्यांवरची पट्टी न्या. शक्यतो खालची खाट मागून घ्या. पोलंडमध्ये रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ रहिवासी इमारतींत पाळतात, शेजारी तक्रार करतात, त्यामुळे छोट्या हॉस्टेलात रात्री स्वयंपाकघराचं दार लावून हळू बोललं जातं.

काही गोष्टी तुमच्या हातात असतात. पहाटे निघायचं असेल तर बॅग रात्रीच भरून बाहेर ठेवा. प्लास्टिकच्या पिशव्या वापरू नका, अंधारात त्यांच्या चुरचुरीनं सगळी खोली जागी होते. कपड्यांसाठी कापडी पिशव्या न्या. गजर एकदाच लावा. खोलीत फोनवर बोलू नका. घरच्यांशी व्हिडिओ कॉल करायचा असेल तर जिन्यात किंवा बैठकीत जा.

एकट्या मुलीनं राहणं सुरक्षित आहे का?

मी राहिले, आणि पुन्हा गेले. फक्त स्त्रियांसाठी खोली असते. ती नसेल तर मिश्र खोलीत राहायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, त्यात संकोच करू नका. खाटेला पडदा असला की फार फरक पडतो. माझी आई या मुद्द्यावर अडली होती. तिला मी हॉस्टेल चालवणाऱ्या बाईंशी फोनवर बोलायला लावलं. आईचं इंग्रजी मोडकं, त्यांचंही मोडकं, पण पाच मिनिटांत दोघी एकमेकींच्या मुलांबद्दल बोलायला लागल्या.

लॉकर असतो, कुलूप आपलं न्यावं लागतं. पासपोर्ट त्यातच ठेवा. रात्री उशिरा परतताना उजेडाच्या रस्त्यानं, शक्यतो कुणाबरोबर या. टेबलावर "कोण किती वाजता परतणार?" हे विचारणं तिथे नेहमीचंच असतं. काही अडलं तर ११२ हा क्रमांक.

न्हाणीघर आणि शौचालयाचं काय?

हा प्रश्न सगळ्यांना असतो आणि विचारायला लाज वाटते. पाण्याचा फवारा नसतो, कागद असतो. एक रिकामी बाटली किंवा घडीचा मग न्या. मात्र जमीन कोरडी ठेवायची, कारण शॉवरच्या चौकटीबाहेर पाणी जायला वाटच नसते. आपल्यानंतर येणाऱ्यासाठी फरशी पुसून ठेवा. आंघोळ दहा मिनिटांत उरका.

शहरात सार्वजनिक ठिकाणी दारावर अक्षरांऐवजी त्रिकोण किंवा गोल दिसेल. त्रिकोण म्हणजे पुरुष, गोल म्हणजे स्त्रिया. हे आधी माहीत असलेलं बरं. टॉवेल बहुतेक ठिकाणी भाड्यानं मिळतो. मी घरून पंचा नेला होता, पटकन वाळतो आणि जागा घेत नाही.

मी बुजरा आहे. माझी कुणाशी ओळख कशी होणार?

मीही पटकन बोलणारी नाही. पहिल्या दिवशी खोलीतच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी हॉस्टेलच्या बाईंनी बटाट्याची पाटी माझ्यापुढे ठेवली आणि सोलायला सांगितले. त्या रात्री एकत्र जेवण होतं. पाच जणी-जण बटाटे सोलत होतो, आणि हात कामात असले की बोलणं सोपं जातं. त्या दिवशी माझी एका अर्जेंटिनाच्या नर्सशी आणि एका लिथुआनियाच्या सुताराशी ओळख झाली.

म्हणून माझा सल्ला: संध्याकाळी सहा ते आठ स्वयंपाकघरात असा. बाहेर जेवायचं असेल तरी चहा तिथे करा. किटली लावताना "अजून कुणाला हवा?" एवढं विचारलं तरी पुरे. दुसऱ्या दिवशी कुठे जाणार आहात ते टेबलावर सांगा, कुणीतरी "मीही येतो" म्हणतं. पोलिश माणसं रस्त्यात अनोळखी माणसाकडे बघून हसत नाहीत. तो राग नव्हे, तशी रीतच नाही. सकाळी "जेन दोब्री" म्हणजे नमस्कार, आणि "जेंकुये" म्हणजे आभार, एवढं म्हटलं की चेहरे सैलावतात.

एक मात्र पाळा. चार मराठी मित्र मिळून गेलात तर दिवसातून एक जेवण तरी इतरांबरोबर करा, आणि त्या वेळी आपापसात मराठीत बोलत बसू नका. टेबलावरचा पाचवा माणूस एकटा पडतो.

शाकाहारी माणसाचं जमतं का? स्वयंपाकघर कसं वापरायचं?

जमतं, पण विचारून खावं लागतं. बार म्लेच्नी नावाच्या स्वस्त खानावळी आहेत. साम्यवादी काळात त्या जोमात होत्या आणि सरकारी अनुदान आजही मिळतं. काउंटरवर पैसे भरायचे, खिडकीतून ताट घ्यायचं, जेवल्यावर स्वतः परत ठेवायचं. तिथे "पिएरोगी रुस्किए" मागा: उकडीच्या करंजीसारखा प्रकार, आत बटाटा आणि पनीरसारखं चीज. पण वरून बऱ्याचदा डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालतात, ते नको म्हणून आधी सांगा. बटाट्याच्या घावनांत अंडं असतं. झुरेक या आंबट सूपमध्ये सॉसेज असतंच. बीटाचं लाल सूपही मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं. रस्त्यावरच्या निळ्या गाड्यांवर मिळणारा ओब्वाझानेक, म्हणजे पिळाची पावाची कडी, सकाळी ताजी असताना घ्या. संध्याकाळी ती चिवट होते.

हॉस्टेलात रांधणं सगळ्यात बरं. तांदूळ आणि सोललेली मसूर डाळ सुपरमार्केटात मिळते. घरून पोहे, बेसन, मोहरी, हळद आणि चटणी न्या. तूप, पेढे, खवा नेऊ नका: युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. बहुतेक रविवारी मोठी दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारीच खरेदी करा. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या विकत घेऊ नका.

फ्रिजमध्ये प्रत्येक वस्तूवर नाव आणि जायची तारीख लिहून चिकटवायची. नाव नसलेलं काही दिवसांनी फेकलं जातं. एक फळी "सर्वांसाठी" असते, जाणारे लोक उरलेलं मीठ, तेल, शेवया तिथे ठेवतात. भांडी खाल्ल्या-खाल्ल्या घासायची, रात्रीसाठी ठेवायची नाहीत.

आणि फोडणी. मी पहिल्यांदा रांधताना सुक्या मिरचीची फोडणी दिली आणि धुराचा अलार्म वाजला, सगळं घर खोकत जिन्यात गेलं. आधी खिडकी उघडा, पंखा लावा, आच मंद ठेवा, मोहरी टाकली की झाकण घाला. त्यानंतर मी पाच वेळा पिठलं-भात केला, काही झालं नाही. लिथुआनियाच्या सुतारानं पिठलं तीनदा वाढून घेतलं.

मी दारू पीत नाही. अवघड होईल का?

नाही. टेबलावर बिअर आणि वोडका असते. तुम्हाला एकदा विचारतील, "नको, चहा घेते" म्हटलं की विषय संपतो. कुणाच्या ग्लासात काय आहे ते न बघता सगळे मिळून "ना झ्द्रोव्ह्ये" म्हणतात. रस्त्यावर किंवा बागेत दारू पिणं बेकायदा आहे, आणि क्राकूवमधल्या दुकानांत २०२३ पासून मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचपर्यंत दारू विकत नाहीत.

आऊशविट्झला हॉस्टेलमधल्या लोकांबरोबर जावं का?

दुसऱ्या महायुद्धातल्या नाझी जर्मनीच्या मृत्युछावण्यांचं हे ठिकाण ओश्व्येंचिम गावात आहे, बसनं सुमारे दीड तास. आता तिथे स्मारक आहे. मुख्य स्टेशनाच्या मागच्या बसस्थानकावरून गाड्या सुटतात. स्मारकात प्रवेश मोफत, पण वेळ आधी ऑनलाइन नोंदवावी लागते, आणि वाटाड्यासह जायचं तर शुल्क आहे. वाटाड्यासह जा. तिकिटावर नाव असतं, ओळखपत्र न्या, मोठी बॅग आत नेता येत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांना नेऊ नये असं स्मारकच सांगतं.

मी तिघांबरोबर गेले. जाताना बसमध्ये आम्ही बोलत होतो, येताना कुणीच बोललं नाही. त्या छावण्यांत सुमारे अकरा लाख माणसं मारली गेली, त्यांतली बहुसंख्य ज्यू होती. आकडा शाळेत वाचलेला असतो. काचेमागे मुलांचे बूट बघितल्यावर आकडा आठवतच नाही. संध्याकाळी हॉस्टेलात परतलो तेव्हा बाईंनी काही न विचारता सूपचं पातेलं टेबलावर ठेवलं. त्या घरात ही संध्याकाळ दर आठवड्याला कुणाची ना कुणाची येते आणि ती कशी सांभाळायची हे त्यांना माहीत आहे. हॉटेलच्या खोलीत त्या रात्री मी एकटी काय केलं असतं, कुणास ठाऊक.

एक विनंती. तिथे हसरे सेल्फी काढू नका, आणि त्याच दिवशी दुसरं काही बघायचं ठरवू नका.

व्हिएलिच्काची मिठाची खाण?

जरूर. जवळच आहे, लोकल गाडीनं जाता येतं. क्राकूवचं जुनं शहर आणि ही खाण दोन्ही १९७८ सालच्या युनेस्कोच्या पहिल्याच जागतिक वारसा यादीत आहेत. उतरताना शेकडो पायऱ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर विचार करा. आत बारा महिने गारवा असतो, स्वेटर न्या.

आई-बाबांना घेऊन जाऊ का?

त्यांना जिने चढता येत असतील आणि रात्री न्हाणीघरासाठी खोलीबाहेर जायची तयारी असेल, तर छोट्या हॉस्टेलातली दोघांची स्वतंत्र खोली घ्या. टेबल तेच मिळतं, झोप आपली. आमच्याकडे साठीतलं एक पोर्तुगीज जोडपं होतं, सगळी पोरं त्यांच्याभोवती बसायची. काही हॉस्टेलांत वयाची वरची किंवा खालची अट असते, बुकिंगआधी वाचा. अगदी लहान मुलांना मात्र नेऊ नये असं मला वाटतं. मुलं रडली की आई-बापच सगळ्यांपुढे ओशाळे होतात.

हॉस्टेलात काम करून फुकट राहता येतं का?

पर्यटक व्हिसावर हे करू नका. खाटेच्या बदल्यात केलेलं कामही काम धरलं जाऊ शकतं.

पैसे युरोत न्यावे का?

पोलंडचं चलन झ्वोती आहे. बहुतेक ठिकाणी कार्ड चालतं. रोख बदलायची तर शहरातल्या कान्तोरमध्ये, म्हणजे चलन बदलून देणाऱ्या दुकानात, विमानतळावर नाही. एटीएमनं "रुपयांत हिशोब करू का?" असं विचारलं तर नाही म्हणा, तो दर महाग पडतो.

तुम्ही कोल्हापूरच्या, हे सांगितल्यावर तिथे कुणाला काही कळतं का?

मे महिन्यात टेबलावर मी गावाचं नाव सांगितलं तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. मग मी वळिवड्याबद्दल सांगितलं. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या या गावी सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित छावणीत राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत सत्तेनं त्यांना घरांतून उचलून सायबेरियाकडे नेलं होतं. सुटल्यावर इराणमार्गे ते हिंदुस्थानात आले. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. आमच्या महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे, वॉर्सामध्येही कोल्हापूरचं स्मारक आहे.

काउंटरवर काम करणारी कॉलेजातली मुलगी हे ऐकत होती. तिनं फोनवर शोधलं, फोटो सापडले, आणि तिनं ते टेबलावर सगळ्यांना वाचून दाखवलं, पोलिशमधून इंग्रजीत. दुसऱ्या दिवशी तिनं मला गावांची नावं नीट उच्चारायला सांगितली आणि "वळिवडे" स्वतः पाच-सहा वेळा म्हणून बघितलं. ळ तिला शेवटपर्यंत जमला नाही. मला त्यांचा क्राकूवचा उच्चार तसाच जड गेला, तो "क्राकुफ" असा आहे.

निघताना काय करायचं?

खाटेवरच्या चादरी आणि उशीचा अभ्रा काढून पाटीत टाकायचा, लॉकर रिकामा करायचा, किल्ली परत द्यायची. फ्रिजमधलं आपलं काढायचं. बॅग दिवसभर तिथेच ठेवायची असेल तर बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत. उरलेलं खाणं फळीवर ठेवताना त्यात काय आहे ते इंग्रजीत लिहा, आणि तिखट असेल तर तेही.

मी मे महिन्यात कांदा-लसूण चटणीची बरणी तशी लिहून ठेवून आले होते. नोव्हेंबरात गेले तेव्हा ती फळीवरच होती, अर्ध्यावर आली होती, आणि झाकणावर माझ्या अक्षराखाली कुणीतरी पोलिशमध्ये लिहून ठेवलं होतं. मी काउंटरवरच्या त्या मुलीला विचारलं, तिनं वाचून सांगितलं: "अर्धा चमचा पुरे. अंड्यावर छान लागते."